शहाण्या मेंदूंचा तुटवडा

मेलेल्या माणसांच्या मेंदूतल्या पेशी मोजण्याचं काम मी काही वर्षं केलं. हे येळ्ळूरला घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमचा मामा खळ्यावर भात झोडत होता. हातातली पेंढी तशीच धरून त्यानं विचारलं, "आन् मोजून झाल्यावर परत घालत्यात व्हय?"

"मेलेल्याच्या डोक्यात परत कशाला घालतील, मामा?"

"मग मोजायच्या तरी कशाला?"

आणि त्यानं पेंढी आपटली. पुढं विलायतेत शिकलेल्या डॉक्टरांशी माझी जेवढी भांडणं झाली, ती सगळी ह्या दुसऱ्या प्रश्नावरच झाली. फरक एवढाच, की मामानं ती सुरू होण्याआधीच संपवली होती.

मी पत्रकांवर वाढलो. वडील बेळगावात एका छापखान्यात खिळे जुळवायचे आणि फुकट गेलेले कागद घरी आणायचे. अक्षरओळख त्यांच्यावरच झाली. बाकीची मुलं 'कमळ बघ' शिकत होती, तेव्हा मी 'बंधूंनो, किती दिवस झोपणार!' असं बोट ठेवून वाचत होतो. मंदिरं सर्वांना उघडा, परदेशी कापड जाळा, दारूची दुकानं बंद करा. हे सगळं मला कुणी पटवून दिलं नाही, ते माझ्या मुळाक्षरांतच होतं. इंटर सायन्सच्या वर्षी पत्रकं वाटताना पकडलो गेलो आणि आत थोडा मुक्काम झाला. बाहेर आलो तेव्हा सरकारी नोकरीचं दार बंद झालं होतं. उघडं होतं ते एकच, वेड्यांच्या इस्पितळाचं.

इस्पितळ निपाणीच्या अलीकडे, सडकेला लागून. खासगी होतं, नाव सांगत नाही. एका व्यापाऱ्यानं आपली तंबाखूची जुनी वखार दान दिली होती, तिच्यातच सगळा कारभार. चुना तीनदा फासला तरी भिंतींतला तंबाखू गेला नाही. पाहुणे आत पाऊल टाकताच शिंकायला लागत. आम्हाला आणि रोग्यांना सवय झालेली. त्यामुळे फाटकावरचा रखवालदार शिंकेवरून बाहेरचा माणूस ओळखायचा. "शिंकतोय तो शाना," असं त्याचं शास्त्र होतं. आमच्याकडच्या इतर शास्त्रांच्या मानानं ते बरंच पक्कं होतं, हे मला पुढं कळलं.

मुख्य डॉक्टर होते नाबर. बुटके, टक्कल पडलेले, भलते प्रामाणिक. माझा इतिहास ऐकून ते म्हणाले होते, "पत्रकवाले, इथं घोषणा द्यायच्या असतील तर खुशाल द्या. इथं कुणी ना कुणी देतच असतं." तेव्हापासून मी पत्रकवालेच झालो.

त्यांचा ध्यास एका रोगाचा होता. तो बहुधा ऐन उमेदीत धरतो. कुणी नसताना माणसाला आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर नजर ठेवून आहेत असं वाटतं, घरच्यांनी वाढलेल्या ताटात विष दिसतं. कुणी मग बोलणंच सोडतो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. डॉक्टरी पुस्तकात ह्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. आमच्याकडे 'लागिर' म्हणतात. उपचार दोन्हीकडे सारखेच, म्हणजे जवळजवळ नाहीतच. हा रोग मेंदूत दिसतो का, ह्यावर मोठमोठ्या विद्वानांत भांडण होतं. काही म्हणत, मेंदूच्या सालीतल्या पेशी कमी झालेल्या दिसतात. काही म्हणत, आम्हाला काहीच फरक दिसत नाही. नाबर पहिल्या पक्षाचे होते. "पेशी गेल्या की गेल्या," ते म्हणत. "केस तरी उगवतात, पत्रकवाले. मेंदूतली पेशी उगवत नाही." आणि टकलावरून हात फिरवत.

मी दुसऱ्या पक्षाचा होतो. विद्वानांची पुस्तकं वाचून नव्हे, पत्रकं वाचून. माणसं समान असतात, मग मेंदू समान नसून कसं चालेल? आमच्या रोग्यांपैकी निम्मे उपाशी आणि मार खाऊन आलेले होते. ज्याला साखळीनं गोठ्यात बांधलं, त्याला चारी भिंतींतून आवाज आले नाहीत तरच नवल, असं माझं मत. आजही त्यातलं बरंचसं कायम आहे.

आता काम कसं चाले ते सांगतो. इस्पितळात बेवारशी माणूस मेला, की त्याचा मेंदू काढून बरणीत ठेवायचा. ताजा मेंदू खरवसासारखा असतो, कापायला गेलं की सुरी बुडते. म्हणून तो आधी औषधात मुरवायचा. औषध म्हणजे फॉर्मलिन, नवख्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी काढणारं. मुरला की घट्ट होतो. मग आतल्या पोकळ्यांत थेंबाथेंबानं पाणी भरून त्या किती मोठ्या ते बघायचं. वेड्यांच्या पोकळ्या मोठ्या असतात असा डॉक्टरांचा संशय होता. त्या म्हाताऱ्यांच्याही मोठ्या असतात, असा माझा. मग सालीचा तुकडा काढून, सुकवून, मेणात बसवून त्याचे काप काढायचे. कांद्याचा पापुद्रा त्यापुढं घोंगडं वाटेल, इतके पातळ. कोमट पाण्यावर काप अलगद तरंगवून काचेवर घ्यायचा आणि निळ्या रंगात बुडवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी अशा दिसतात, जणू कुणी निळी नाचणी सांडली आहे. माझा काप कधी फाटला नाही. लग्नाच्या बोलणीत हे सांगून काही उपयोग झाला नाही, पण इथं सांगतो.

सूक्ष्मदर्शकात पटासारखे चौकोन आखलेली काच असते. एका चौकोनात किती पेशी, ते मोजायचं. सोपं वाटतं. पण काही पेशी ठसठशीत असतात, काही फिकट, आणि काहींना पेशी म्हणावं की डाग, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. इथंच गोम होती. फिकट पेशी वेड्याच्या मेंदूत असली की नाबर म्हणत, "मेली आहे, सोडा." मी म्हणायचो, "श्वास चालू आहे, धरा."

खरी अडचण वेगळीच होती. वेड्यांशी तुलना करायला शहाणे मेंदू हवेत, आणि शहाणा माणूस बेवारशी मरत नाही. त्याच्या मागं रडायला, भांडायला नातेवाईक असतात आणि ते मेंदूला हात लावू देत नाहीत. डॉक्टरांनी मला बेळगावच्या एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या शवागाराचा कामगार मारुतीआप्पा, पानाचा तोबरा भरून दारातच बसलेला.

"शाना पायजे?" त्यानं विचारलं. "दाखला कुनाचा?"

"कसला दाखला?"

"शानपनाचा. येडा हाय म्हनून डाक्टर लिवून देतोय. शाना हाय म्हनून आजवर कुनी कुनाला लिवून दिल्यालं म्या बगितल्यालं न्हाय."

तरी त्यानं अधूनमधून मेंदू दिले. एक निघाला नंदगडकडचा. वीतभर बांधासाठी सख्ख्या भावाशी आयुष्यभर कोर्टात भांडून बेळगावच्या धर्मशाळेत मेलेला. प्रेत कुणी न्यायचं ह्यावरही घरात वाद झाला आणि शेवटी कुणीच नेलं नाही. दुसरा, भरल्या पोटावर पैजेनं फणस खाऊन गेलेला एक फिरस्ता. तिसरा ओल्या रंगाचं दार ढकलू नका असं लिहिलेलं असताना ते ढकलून माडीवरून पडलेला. "हे शहाणे?" मी डॉक्टरांना विचारलं. "ह्यांना आवाज ऐकू येत नव्हते," डॉक्टर म्हणाले. "येत असते तर वाचले असते," मी म्हणालो.

तिकडं महायुद्ध चालू होतं. फॉर्मलिन मिळायची मारामार, म्हणून मारुतीआप्पा आपल्याकडचे मेंदू स्पिरिटमध्ये घालून पाठवायचा. आमचे फॉर्मलिनमध्ये, त्याचे स्पिरिटमध्ये. हे डॉक्टरांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्हा दोघांनाही त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

बरण्यांवर नुसते नंबर असत. मी भांडून त्यावर नावं लावून घेतली. ज्यांना जिवंतपणी कुणी हाक मारली नाही, त्यांची नावं मेल्यावर तरी पुसायची नाहीत, एवढंच माझं म्हणणं होतं. ह्या भांडणात मात्र नाबर एका शब्दात हरले. "लावा," म्हणाले.

शहापूरचा नागाप्पा त्याच सुमारास माझ्या डोळ्यांसमोर बरा होत होता. विणकर माणूस. आला तेव्हा मागावर सूत घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या प्रत्येक धोट्यात कुणीतरी बसून आपल्याला शिव्या देतंय म्हणून त्यानं सगळे धोटे विहिरीत टाकले होते. पुढं हळूहळू निवळला. बागेला पाणी घालू लागला, इतर रोग्यांना भरवू लागला. त्याची बायको, गौराआक्का, दर बाजाराच्या दिवशी यायची. फाटकात दणदणीत शिंकायची, की नागाप्पा आतून म्हणायचा, "आली."

आक्काचं मागणं एकच. नवऱ्याला घरी सोडा. डॉक्टर दर वेळी सांगत, "बाई, हे वरवरचं आहे. आतून गेलेलं परत येत नाही."

"आतलं तुमी बगितलासा?"

"त्याचं नाही. पण ह्याच रोगाच्या दुसऱ्यांचं बघितलंय."

"मग दुसऱ्यास्नी ठिवून घ्या की."

तशातच वर्दी आली. जागा अपुरी पडत होती, म्हणून बरे न होणाऱ्या रोग्यांना दूरच्या एका मोठ्या इस्पितळात हलवायचं ठरलं. दोन दिवसांचा आगगाडीचा प्रवास. तिथं आक्का जाऊ शकणार नव्हती आणि तिथून कुणी परत आल्याचं आमच्या ऐकण्यात नव्हतं. नावं डॉक्टरांनी ठरवायची होती. नागाप्पाचं नाव त्यात होतं.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि लहानपणापासून पाठ केलेलं सगळं त्यांना एका दमात ऐकवलं. 'गुलामगिरीच्या शृंखला' हे शब्दसुद्धा आले असावेत. नाबरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पेशी कमी नाहीत असं दाखवा," ते म्हणाले. "मी आत्ता सही करतो."

मी मोजलं. वेडे आणि शहाणे अगदी समसमान. त्यांनी तेच काप मोजले. वेड्यांच्या पेशी सरळसरळ कमी. एकच काच, एकच चौकोन. मी म्हणालो, तुम्हाला वेडा मेलेलाच दिसतो. ते म्हणाले, तुम्हाला डागालाही मतदानाचा हक्क द्यायचाय. आवाज इतका चढला, की कुणी रोगी बिथरला का ते बघायला रखवालदार आला.

शेवटी तोडगा डॉक्टरांनीच काढला. काचांवरची नावं झाकायची. कुठली काच कुणाची, हे दोघांनाही कळू द्यायचं नाही. मग मोजायचं. पण झाकणार कोण? कंपाउंडरला वाचता येत होतं, म्हणून तो बाद. व्हरांड्यात गौराआक्का बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं, आणि मागाच्या सुताला लावायची खळ कशी शिजवायची ते येत होतं. तिनं स्वयंपाकघरात खळ शिजवली आणि कागदाचे कपटे काचांवरच्या नावांवर चिकटवले. मग ओळखायला खूण हवी, म्हणून कोळशानं प्रत्येक कपट्यावर एकेक चित्र काढलं. एवढं करून तिनं सगळ्या काचा सुपात घेतल्या आणि पाखडायला सुरुवात केली.

"बाई! फुटतील!" डॉक्टर पांढरेफटक पडले.

"मिसळाय नगो व्हय? तुमीच म्हनलासा की."

त्या दिवशी शास्त्राची नोंद अशी झाली. नाबर खोलीच्या एका टोकाला मोजत, मी दुसऱ्या टोकाला, आणि मग आकडे ताडून बघायचे. "पोळपाट?" "दाट." "कंदील?" "दाट." "कोंबडा?" "विरळ." "हा कोण, मांजर?" "बैल हाय त्यो," आक्का दारातून म्हणायची. "बरं, बैल. दाट."

आश्चर्य असं, की नावं झाकल्यावर आमच्यात एकही भांडण झालं नाही. दोघांची मोजणी जुळली. आणि दुर्दैव असं, की सगळ्या काचा सारख्या नव्हत्या. काही स्पष्ट दाट, काही स्पष्ट विरळ. माझी समता तिथल्या तिथे कोसळली.

डॉक्टरांनी ओल्या बोळ्यानं एकेक कपटा काढला. पोळपाट, नंदगडचा बांधवाला. दाट. कंदील, फणसवाला. बैल, माडीवरून पडलेला. विरळ सगळे आमचे. मी खाली बघत होतो. डॉक्टरांच्या तोंडावरही आनंद नव्हता. व्हरांड्यात नागाप्पा बायकोशेजारी बसून शेंगा सोलत होता, आणि तो आम्हा दोघांनाही दिसत होता.

शेवटची दाट काच राहिली, विंचू. नाबरांनी कपटा काढला आणि चष्मा पुसून परत वाचलं. "हा तर आपला बाळाप्पा!"

बाळाप्पा कित्येक वर्षं आमच्याकडे भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला आणि तसाच मेलेला. त्याच्याइतका आजारी कुणीच नव्हता. आणि त्याच्या पेशी शहाण्यांइतक्या दाट.

"बघा!" मी उसळलो.

"एकानं काही ठरत नाही," डॉक्टर म्हणाले. पण उठले आणि बाळाप्पाची बरणी फळीवरून काढून टेबलावर आणली. झाकण उघडून आत बघू लागले. मीही वाकून बघितलं. मेंदू मेंदूसारखाच होता.

मागून आक्कानं डोकावलं, पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "आगं बया! बाळाप्पाला दारूत ठिवलायसा व्हय? जल्मात थेंब घेटला नसंल बिचाऱ्यानं."

आम्ही दोघांनी बरणीत नाक घातलं. काही नाही. वर्षानुवर्षं तंबाखूच्या वखारीत राहून आमची नाकं भिंतींसारखी झाली होती. डॉक्टरांनी तिच्यासमोर एकामागून एक बरण्या उघडल्या. बेळगावचे शहाणे उघडले. "दारू." "ह्यात बी दारू." आमचे बाकीचे उघडले, तर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती मागं सरली. "ह्यात काय घातलायसा, मिरच्या?"

कंपाउंडरला बोलावलं. तो म्हणाला, बाळाप्पा गेला त्या आठवड्यात फॉर्मलिन संपलं होतं आणि अण्णा बहिणीच्या लग्नाला गेलते, म्हणून मी स्पिरिट ओतलं. अण्णा म्हणजे मी.

नाबर खुर्चीत बसले. टकलावरून हात फिरवला. मग मला समजावल्यासारखं, पण खरं तर स्वतःलाच, सांगू लागले. स्पिरिट पाणी ओढून घेतं. मेंदूचा तुकडा फॉर्मलिनपेक्षा जास्त आक्रसतो. तुकडा आक्रसला की पेशी जवळजवळ येतात, आणि तेवढ्याच चौकोनात जास्त मावतात.

"पत्रकवाले," ते म्हणाले, "आपण वेड मोजलंच नाही. आपण मुरवण मोजलं."

"म्हणजे सगळे मेंदू समान!" माझ्या डोळ्यांपुढं पत्रकाचा मथळासुद्धा आला होता.

"तेही सिद्ध झालेलं नाही. कदाचित फरक असेल, आपल्याला दिसला नसेल. आपल्याला काही माहीत नाही, एवढंच सिद्ध झालं."

एवढ्या मजकुराचं पत्रक निघत नाही. मी आयुष्यात शेकडो पत्रकं वाचली, पण 'बंधूंनो, आम्हाला काही माहीत नाही' असं एकही नव्हतं. नाबरांनी मात्र त्याच संध्याकाळी परदेशी पाठवायचा आपला निबंध काढला आणि बंबात घातला. अंघोळीचं पाणी चांगलं तापलं, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. असा माणूस मी आमच्या चळवळीतही फारसा पाहिला नाही.

पण ते संध्याकाळी. आत्ता टेबलावर हलवायच्या रोग्यांचा कागद पडला होता.

"आता ह्याचं कसं ठरवायचं?" डॉक्टर पुटपुटले.

नागाप्पा दारात येऊन उभा होता. ओंजळीत सोललेल्या शेंगा. "मला इचारा की," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही. मी त्याच्या बाजूनं भाषणं केली होती, पण त्याला विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्याला समोर बसवलं. "नागाप्पा, आवाज येतात का अजून?"

मी डोळ्यांनी खुणावत होतो, नाही म्हण, नाही म्हण. नागाप्पानं ओंजळ टेबलावर रिकामी केली आणि विचार करून म्हणाला, "येत्यात की. कवा कवा."

"काय म्हणतात?"

"त्येच जुनं. शिव्या. पर पैल्यासारकं मनावर घेत न्हाय म्या. आन् मागावर बसलो तर ऐकू बी येनार न्हाईत. मागाचा आवाज लई मोटा असतुया, सायेब."

"आणि धोटे? परत विहिरीत टाकलेस तर?"

उत्तर आक्कानं दिलं. "हीर आता आटलीया. टाकलं तर उतरून काडीन. पैल्या बारीला बी म्याच काडलं हुतं."

नाबरांनी माझ्याकडे बघितलं. मी दौत-टाक पुढं सरकवला. त्यांनी नागाप्पाच्या नावावर आडवी रेघ मारली, घरी सोडण्याच्या कागदावर सही केली आणि उगाच दोन शेंगदाणे तोंडात टाकले. त्या कागदावर बाकीची नावं तशीच राहिली. त्यांच्या बायका फाटकात येत नव्हत्या. त्यांनाही विचारून बघा, असं मी म्हणालो, आणि डॉक्टरांनी पुढचे काही दिवस खरोखर विचारलं. दोघं घरी गेले. बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही, आणि ते गाडीत बसले. त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. ते विचारणारी पत्रं मी पुष्कळ लिहिली.

नागाप्पा निघाला त्या दिवशी नाबर त्याला पोचवायला फाटकापर्यंत आले. गाठोडं आक्काच्या डोक्यावर, नागाप्पाच्या हातात त्यानंच लावलेल्या मिरचीची दोन रोपं. डॉक्टर घुटमळले. त्यांच्यातला शास्त्रज्ञ अजून मेला नव्हता. ह्या रोगातून उठलेल्या माणसाचा मेंदू, आणि तोही नीट फॉर्मलिनमध्ये मुरवलेला, जगात कुणाकडे असेल?

"नागाप्पा," ते अवघडून म्हणाले, "रागावू नकोस. अजून पुष्कळ वर्षांनी... म्हणजे तुझं सगळं झाल्यावर... तुझा मेंदू आम्हाला देशील का?"

नागाप्पा विचारात पडला. तो भिडस्त माणूस, हो म्हणालाच असता. पण आक्का पुढं झाली.

"इतकी वर्सं तुमच्याकडंच हुता की, सायेब," ती म्हणाली. "आता जरा आमास्नी वापरू द्या."